नाशिकहून लाल बटू तारे: भडके आणि अधिक्रमणं मोजता येतील का? आणि त्यांच्या ग्रहांचं काय होतं?

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. फोटो पुष्कळ काढून होतात, आता मोजमापाकडे वळायचं आहे. साधन असं: ८ इंची न्यूटोनियन (केंद्रांतर १००० मिमी), इक्यू-६ माउंट, गायडिंग चालू, ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा थंड करता येणारा मोनो कॅमेरा, चौकट साधारण ३९ कलांची (६० कला म्हणजे एक अंश). फिल्टर बी (निळा), व्ही (हिरवा-पिवळा) आणि आर (लाल). जागा गंगापूर रोडची गच्ची, म्हणजे पूर्वेला शहराचा सगळा उजेड.

विषय लाल बटू, म्हणजे लहान आणि थंड लाल ताऱ्यांचा निवडला आहे, कारण आकाशगंगेतल्या चारांपैकी जवळजवळ तीन तारे याच जातीचे, आणि ज्या खडकाळ परग्रहांवर सध्या चर्चा झडतात त्यातले बरेचसे यांच्याच भोवती फिरतात. विचारायचं आहे ते असं. नाशिकच्या आकाशातून यातले कोणते हाती लागतात? त्यांचे भडके (अचानक उजळणं) ८ इंचीतून मोजता येतात का, आणि एखाद्या ग्रहाचं अधिक्रमण (ग्रह ताऱ्यासमोरून जाणं)? आणि ‘भडक्यांमुळे तिथल्या ग्रहांचं वातावरण उडून जातं’ असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते कितपत खरं धरायचं?

खस्वस्तिक

पहिली गोष्ट, नुसत्या डोळ्यांनी यातला एकही दिसत नाही. सर्वांत तेजस्वी लाल बटूसुद्धा पावणेसातव्या प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद). प्रॉक्सिमा सेंटॉरी सोडून द्या. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) उणे ६२.७ अंश आणि नाशिकचं अक्षांश २०, म्हणजे तो जास्तीत जास्त सात अंशांवर येणार. तेवढ्या खाली मोजमाप होत नाही, धूळच मोजली जाते. ट्रॅपिस्ट-१ उंचीला चांगला येतो, ६५ अंश, पण त्याची दृश्यप्रत जवळपास १९. आठ इंचीचं ते काम नव्हे.

भडक्यांसाठी तुमच्यासारख्याला एडी लिओनिससारखं लक्ष्य दुसरं नाही. सिंह राशीत, १६ प्रकाशवर्षांवर, दृश्यप्रत साधारण ९.४. क्रांती अधिक १९ अंश ५२ कला, म्हणजे नाशिकला तो बरोबर डोक्यावरून जातो. फेब्रुवारी ते एप्रिल हंगाम. अडचण एकच, पण मोठी: दुसऱ्या प्रतीचा अल्जीबा (गॅमा लिओनिस) त्याच्या पूर्वेला जेमतेम पाच कलांवर आहे. चौकटीत तो आला की त्याचा उजेड पार्श्वभूमीत पसरतो आणि पार्श्वभूमी एका बाजूने चढी होते. म्हणून एडी लिओनिस चौकटीच्या पूर्व कडेपासून तीन-साडेतीन कलांवर ठेवा, अल्जीबा आपोआप बाहेर जातो. मग एक चाचणी फोटो ताणून पाहा. न्यूटोनियनमध्ये कडेबाहेरच्या तेजस्वी ताऱ्याचं परावर्तन फोकसरच्या नळीतून आत येतं, तसा पट्टा दिसला तर कॅमेरा ९० अंशांत फिरवून पुन्हा बघा.

भडका मोजायला फिल्टर बी लावा. आर किंवा आय (अवरक्त) लावलात तर रात्र फुकट. ताऱ्याचा पृष्ठभाग ३००० ते ३५०० केल्विनचा, निळ्यात त्याचा स्वतःचा प्रकाश अगदी थोडा; भडक्याचा पदार्थ ९ ते १० हजार केल्विनला तापतो आणि निळ्या-अतिनीलमध्ये उजळतो. त्यामुळे तोच भडका यू (अतिनील) पट्ट्यात प्रचंड, बीमध्ये त्याहून कमी, व्हीमध्ये थोडासा आणि आयमध्ये जवळजवळ नाहीच. यू फिल्टर महाग पडतो आणि बऱ्याच सीमॉस कॅमेऱ्यांची त्या भागातली संवेदनक्षमता कमी असते, तेव्हा बीवर समाधान मानावं.

एक्स्पोजर १० ते १५ सेकंद. छोटा भडका काही सेकंदांत चढतो आणि पाच-दहा मिनिटांत उतरतो. मिनिटभराची फ्रेम घेतली की शेंडा बोथट होतो. एकाच फ्रेममध्ये तारा उजळला तर तो भडका मानू नका, उपग्रह, वैश्विक किरण किंवा गरम पिक्सेल असतो. खऱ्या भडक्याला आकार असतो, चढ तीव्र आणि उतार लांबट, आणि तपासणीच्या ताऱ्यात (चौकटीतल्याच, तेज न बदलणाऱ्या) त्या वेळी काही हलत नाही. एका रात्रीत एखाददुसरा छोटा भडका मिळायला हरकत नाही, पण हमी कोणी देऊ शकत नाही. कोऱ्या रात्रीची नोंदही ठेवा. भडक्यांचं प्रमाण काढायला पाहिलेले सगळे तास लागतात, नुसते यशस्वी नव्हेत.

इतर लक्ष्यं अशी: डिसेंबर ते मार्च वायझेड कॅनिस मायनोरिस (प्रत ११ च्या आसपास), पावसाळ्यानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईव्ही लॅसर्टी (१०.३). ऑक्टोबरच्या संध्याकाळी दक्षिणेला एयू मायक्रोस्कोपी, ८.६ प्रत, पण उंची ३९ अंशांपलीकडे जात नाही. भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा ऐन हंगामात ढगांत असतो. एप्रिल-मेच्या पहाटे किंवा ऑक्टोबरात दिवेलागणीलाच गाठावा. तो वर्षाला १०.३ विकला (६० विकला म्हणजे एक कला) सरकतो, म्हणजे तुमच्या चौकटीत वर्षभरात १३ पिक्सेल. भडका नसला तरी एवढं तर हमखास मोजता येईल.

याम्योत्तर

अधिक्रमणाचं मी सांगतो. खोली (ताऱ्याच्या प्रकाशातली घट) म्हणजे ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराचा वर्ग. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर प्रकाश ०.००८४ टक्के घटेल, तीच पृथ्वी सूर्याच्या ०.१५ पट त्रिज्येच्या ताऱ्यासमोरून गेली तर ०.३७ टक्के. बटूंच्या मागे सगळे लागतात ते याचसाठी. २००९ साली जीजे १२१४ बी हा ग्रह ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणींनी सापडला. त्याची खोली १.३ टक्क्यांच्या वर आहे, पण तारा १४.७ प्रतीचा, तुम्हाला जड जाईल.

तुमच्यासाठी जीजे ४३६. दृश्यप्रत १०.७, सिंहेतच, क्रांती अधिक २६.७, नाशिकहून ८३ अंशांपर्यंत चढतो. ग्रह नेपच्यूनच्या मापाचा, खोली सुमारे ०.७ टक्के, अधिक्रमण साधारण तासाभराचं. आवर्तकाळ २.६४३९ दिवस. तीन फेऱ्या म्हणजे ७.९३ दिवस, तेव्हा एक अधिक्रमण पकडलंत की आठ दिवसांनी पुढचं सुमारे १ तास ३८ मिनिटं आधी येतं. या हिशोबाने एका हंगामात ओळीने तीन-चार साधतात, पुढे ते संध्याकाळच्या उजेडात सरकतं.

अचूकतेचा हिशोब आधी करा. ८ इंची आरशाला, डोक्यावरच्या ताऱ्याला, ३० सेकंदांच्या फ्रेममध्ये नुसत्या लुकलुकण्यामुळे साधारण ०.१५ टक्के गोंगाट येतो. तोच तारा ३० अंशांवर उतरला की तिपटीहून जास्त होतो, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या घरात, आणि ०.७ टक्क्यांची खोली त्यात बुडते. म्हणून ५० अंशांच्या खालची अधिक्रमणं सरळ सोडून द्या.

फिल्टर आर. बी इथे मुळीच नको, तारा निळ्यात अंधूक आणि भडकेही तिथेच. आयचा मोह होतो, कारण तारा अवरक्ताकडे जास्त तेजस्वी, पण त्या भागात आपल्या हवेतली बाष्प प्रकाश शोषते. लाल तारा आणि तुलनेचा पिवळा तारा यांच्यावर तिचा परिणाम वेगवेगळा होतो, आणि बाष्प रात्रीत बदललं की आलेखात खोटा उतार तयार होतो. मेअखेरीस समुद्राकडची हवा घाट चढून यायला लागते तेव्हा हे फार होतं.

फोकस किंचित सैल करा, ताऱ्याचा ठिपका आठ-दहा पिक्सेल रुंद. जीजे ४३६ आरमध्ये बराच तेजस्वी आहे, टोकदार फोकसला मध्यातला पिक्सेल भरून जातो आणि भरलेल्या पिक्सेलची रेषीयता (प्रकाशाच्या प्रमाणात आकडा वाढणं) गेलेली असते. कमाल मूल्य भरण्याच्या निम्म्यावर ठेवा. गायडिंग असं घट्ट हवं की तीन तासांत तारा चार-पाच पिक्सेलपलीकडे हलणार नाही. फ्लॅट फ्रेम (एकसारख्या उजेडाचे, दुरुस्तीसाठी घेतलेले फोटो) कितीही चांगल्या असल्या तरी अर्ध्या टक्क्याच्या खाली त्या पूर्ण पुरत नाहीत.

अधिक्रमणाच्या आधी एक तास आणि नंतर एक तास घ्याच. आजूबाजूची सपाट रेघ नसेल तर उतार आणि खड्डा वेगळे करता येत नाहीत. तारा याम्योत्तर (आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडताना माउंट उलटतं तेव्हा तारे चौकटीत उलट्या बाजूला जातात आणि आलेखात पायरी पडते. ती पायरी अधिक्रमणाच्या ऐन मध्ये नको, हवं तर सुरुवातीच्या तासातच माउंट उलटून घ्या. आणि ८३ अंशांवर न्यूटोनियनचा खालचा भाग तिकाटण्याच्या पायाला लागतो का, ते दिवसा तपासा.

हा भाग आकाशगंगेच्या पट्टीपासून दूर, तारे विरळ. तुलनेला तुल्यबळ तारा मिळत नाही, म्हणून चार-पाच मंद तारे एकत्र धरा; ॲस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर ते करतं. शक्य तितके लालसर निवडा. वेळ भारतीय प्रमाणवेळेत नोंदवू नका, यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) नोंदवा. भाकितं बहुधा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यानुसार दिलेली असतात, त्यात आणि घड्याळात आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो. ‘ग्रह उशिरा आला’ म्हणणाऱ्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच असतो.

गंगापूररोडकर

हे छापून गच्चीच्या भिंतीला लावतो! दोन शंका. निरीक्षणाला त्र्यंबक-हरसूल बाजूला जावं का? आणि ग्रहांच्या वातावरणाचं कोणीच बोललं नाही.

याम्योत्तर

दहाव्या प्रतीच्या ताऱ्याला अंधार लागत नाही, हवा स्वच्छ लागते. अष्टमीचा चंद्रही चालतो. पातळ ढगाची ओढणी मात्र चालत नाही, ती डोळ्याला दिसतही नाही आणि आलेख खाऊन टाकते. गच्चीच बरी, वीज हाताशी असते.

क्ष-किरण

वातावरणाचं आता. आधी अंतरं डोक्यात बसवू. ग्रहाला पृथ्वीइतकी ऊब मिळायची तर अंतर ताऱ्याच्या तेजाच्या वर्गमुळाइतकं. प्रॉक्सिमाचं तेज सूर्याच्या सुमारे ०.००१७ पट, वर्गमूळ ०.०४१ खगोलीय एकक (१ एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). त्याचा ग्रह प्रॉक्सिमा बी आहे ०.०४८५ एककांवर. वस्तुमान सूर्याच्या ०.१२ पट धरून केप्लरच्या नियमात घाला, वर्ष येतं ११.२ दिवसांचं. २०१६ साली मोजून निघालं तेही एवढंच. त्या ग्रहावरून तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल.

इतक्या जवळ असण्याचे दोन परिणाम. एक, भरती-ओहोटीचं बळ ग्रहाचं फिरणं जखडून टाकतं. जखडायला लागणारा काळ अंतराच्या सहाव्या घाताने वाढतो, त्यामुळे अंतर निम्मं झालं की तो ६४ पट कमी. नित्य दिवस एका बाजूला, नित्य रात्र दुसरीकडे. ‘रात्रीच्या बाजूला हवा गोठून पडेल’ ही जुनी भीती. पण १९९७ सालीच हिशोब करून दाखवलं गेलं की कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.१ बार असला तरी वारे पुरेशी उष्णता पलीकडे नेतात. पृथ्वीवर हवेचा दाब १ बार आहे. शिवाय पाणी असेल तर ताऱ्याखालच्या बिंदूवर जाड ढग कायम राहतात आणि दिवसाची बाजू निववतात. आणि बर्फ अवरक्त प्रकाश बराच शोषून घेतो, त्यामुळे लाल ताऱ्याखाली ग्रह गोठला तर वितळणं सोपं जातं. जखडणं हा मला तरी गंभीर धोका वाटत नाही.

दुसरा परिणाम गंभीर आहे, पण लोक त्याचं खापर चुकीच्या जागी फोडतात. एडी लिओनिसचंच उदाहरण घ्या. १२ एप्रिल १९८५ रोजी त्यावर जो भडका झाला तो यू पट्ट्यात साडेचार प्रतींचा होता आणि चार तासांहून जास्त टिकला. तसा भडका पृथ्वीसारख्या ग्रहावर आदळला तर काय होईल, हे २०१० साली मॉडेल करून पाहिलं गेलं. नुसत्या अतिनील किरणांनी ओझोन एखादा टक्काच हलतो. भडक्याबरोबर प्रोटॉनचा झोतही आला आणि ग्रहाला चुंबकीय कवच नसलं, तर मात्र दोन वर्षांत ९४ टक्के ओझोन जातो. म्हणजे एक भडका हवा पळवत नाही, तो हवेतली रसायनं बिघडवतो. असे भडके दर काही दिवसांनी येत राहिले तर ओझोनला सावरायला वेळ मिळत नाही, ती गोष्ट निराळी.

गंगापूररोडकर

मग वातावरण उडतं कशाने?

क्ष-किरण

ताऱ्याच्या बालपणाने. सूर्य जन्मानंतर पाचेक कोटी वर्षांत स्थिरावला. प्रॉक्सिमासारख्या बटूला आकुंचन पावून स्थिर व्हायला अब्जाच्या घरात वर्षं लागतात, आणि सुरुवातीला तो आजच्या दहापट किंवा त्याहून तेजस्वी असतो. आज जो ग्रह ऊबदार पट्ट्यात दिसतो तो तेव्हा भट्टीत होता. प्रॉक्सिमा बीसाठी हा काळ मॉडेलनुसार १० ते २० कोटी वर्षांचा येतो. समुद्र असले तर वाफ होऊन वर जातात, क्ष-किरण आणि टोकाचे अतिनील किरण पाण्याचे रेणू फोडतात, हलका हायड्रोजन निसटतो, ऑक्सिजन मागे राहतो. तेव्हा अशा ग्रहावर ऑक्सिजन सापडला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत.

हायड्रोजन निसटताना प्रत्यक्ष पाहिलेला आहे, आणि तो तुमच्याच लक्ष्याचा. हबल दुर्बिणीने २०१५ मध्ये जीजे ४३६ बी अतिनीलमध्ये पाहिला तेव्हा अधिक्रमणात ताऱ्याचा निम्म्याहून जास्त प्रकाश झाकला गेला. ग्रहामागे हायड्रोजनची शेपटी आहे, सेकंदाला शेकडो टनांनी वायू जातो. नेपच्यूनएवढ्या ग्रहाला ते परवडतं, कोट्यवधी वर्षांत त्याचा चिमूटभर भागच जातो. पृथ्वीएवढ्याला परवडेलच असं नाही.

खडकाळ ग्रहांचं म्हणाल तर निकाल यायला लागले आहेत. एलएचएस ३८४४ बी, २०१९: स्पिट्झर अवकाश दुर्बिणीच्या मोजमापात दिवसाची बाजू कडक तापलेली आणि रात्रीची थंडगार, म्हणजे जाड वातावरण नाही. ट्रॅपिस्ट-१ बी, २०२३, वेब दुर्बीण: दिवसाची बाजू सुमारे ५०० केल्विन, तेव्हा तिथेही उष्णता पलीकडे नेणारी हवा नाही. सी ग्रह सुमारे ३८० केल्विन, म्हणजे शुक्रासारखं दाट आवरण नाही. हे सगळे आतल्या रांगेतले आहेत. ई ग्रह बाहेर, ६.१ दिवसांच्या कक्षेत. आतल्यांवरून त्याचा निकाल लावणं घाईचं होईल.

खस्वस्तिक

यात एक भर. ताऱ्याची लबाडी वेगळी काढल्याशिवाय ग्रहाबद्दलचं कुठलंच विधान पक्कं नसतं. एडी लिओनिसभोवती २.२३ दिवसांचा ग्रह असल्याचा दावा २०१८ साली झाला होता. तारा स्वतःभोवती नेमका तेवढ्याच दिवसांत फिरतो. पुढच्या मोजमापांत तो डागांचा खेळ ठरला. जीजे ४८६ बीच्या वर्णपटात वेबला २०२३ मध्ये पाण्याच्या वाफेची खूण दिसली, पण या ताऱ्यांचे डाग इतके थंड असतात की वाफ खुद्द डागांतही असते. ती ग्रहाची की ताऱ्याची, हे तेवढ्यावरून ठरलं नाही. छोट्या दुर्बिणीच्या चिकाटीला इथे किंमत आहे: बीमध्ये भडके, व्हीमध्ये डागांमुळे होणारा चढउतार, महिनोन् महिने. एडी लिओनिसच्या फिरण्यामुळे होणारा बदल टक्क्या-दोन टक्क्यांच्या पातळीवरचा असतो, तेव्हा तुलनेचे तारे एकदा ठरवले की हंगामभर बदलू नका.

गंगापूररोडकर

सुरुवात एडी लिओनिसपासूनच करतो. थंडीत दव आणि एप्रिलात उकाडा, त्याचा कॅमेऱ्यावर काय परिणाम?

याम्योत्तर

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची आणि नदीकाठची गारठलेली ओल हवेत असते. न्यूटोनियनचा मोठा आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित, दव पडतं ते छोट्या तिरक्या आरशावर. त्याच्या पाठीला छोटी हीटरची पट्टी, १२ व्होल्टवर, हळू सेटिंगला. जास्त तापवलीत तर नळीत गरम हवेचे भोवरे उठतात आणि ठिपका फुगतो. दव पडल्याची खूण अशी: सगळे तारे एकदम मंद होत जातात, लक्ष्याचं तुलनेच्या ताऱ्यांशी गुणोत्तर मात्र थोडा वेळ ठीक राहतं, मग तेही बिघडतं. म्हणून तुलनेच्या ताऱ्यांचे कच्चे आकडे शेजारच्या आलेखात चालू ठेवा.

कॅमेरा वर्षभर एकाच तापमानाला लावा. एप्रिलात रात्री गच्चीवर ३० अंश असतात, तिथून उणे २० गाठायला गेलात तर कूलर शंभर टक्क्यांवर अडकतो, तापमान डुलतं आणि डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेले फोटो) जुळत नाहीत. ० किंवा उणे ५ पुरे. दहा-पंधरा सेकंदांच्या फ्रेमला त्याहून थंडीचा फायदा नाही. डार्क आणि फ्लॅट त्याच गेनला, फ्लॅट प्रत्येक फिल्टरचे वेगळे, आणि कॅमेरा फिरवला की नव्याने.

लॅपटॉपचं घड्याळ सुरू करण्यापूर्वी नेटवरून जुळवा. भारनियमनात वीज गेली की घड्याळ चालतं पण माउंट थांबतं, त्यामुळे माउंट आणि कॅमेरा दोन्ही एकाच १२ व्होल्ट बॅटरीवर घ्या, ५० अँपिअर-तासांच्या पुढची. पहिल्या रात्री फक्त दोन तास एडी लिओनिस बीमध्ये घ्या आणि दोन तुलनेच्या ताऱ्यांचं एकमेकांशी गुणोत्तर काढा. त्यातला चढउतार अर्ध्या टक्क्याच्या आत आला तर जीजे ४३६ च्या तारखा काढायला घ्या. नाही आला तर आधी फ्लॅट तपासा, मग गायडिंग.